बाप्याचा गळा आणि बाईची पट्टी : हा ‘खोटा’ आवाज खरंच खोटा असतो का?

खर्जातला_खडा
परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर भटकत होतो. हँडेल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या ऑपेरातलं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं, एक गाणं लागलं, कानात हेडफोन, डोळे मिटलेले. काय बाई गातेय, असं मनात म्हणतोय आणि डोळे उघडून बघतो तर समोर चांगला सहा फुटी, दाढीवाला गडी! मग त्याची मुलाखत शोधली, तर बोलताना आवाज माझ्यापेक्षा जाड. याला काउंटरटेनर म्हणतात एवढं कळलं, पुढे डोकं चालेना.

विचारायचं कारण वेगळंच आहे. माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, लहानपणी झकास गायचा. आता आवाज फुटलाय. खाली भसाडा, वर गेला की मधेच कट् होऊन एकदम पातळ. तर हा पठ्ठ्या त्या पातळ आवाजातच गात बसतो, आणि खरं सांगायचं तर सुरात गातो. घरात सगळे हसतात, ‘बायकी गाऊ नको’ म्हणतात. मीही हसलो होतो. परवाचं ऐकल्यापासून जरा टोचतंय.

प्रश्न दोन. हा आवाज खरा मानायचा की खोटा? आणि पुरुषांनी असं गायची जुनी परंपरा आहे म्हणतात ती नेमकी काय? जाणकारांनी इस्कटून सांगावं.

उगाच_एक
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

टिपरी
खडासाहेब, ते काउंटरटेनर वगैरे आत्ताचे. मूळ प्रकार भयानक आहे. इटलीत मुलांना वयात यायच्या आधी खच्ची करायचे, आवाज फुटू नये म्हणून. कास्त्राती म्हणतात त्यांना. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही असा नियम, मग वरचे सूर कोण लावणार? आधी लहान मुलं आणि पातळ आवाजात गाणारे पुरुष होते, मग हे आले. १५८९ मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याने रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या गायकवृंदाची नव्याने रचना केली त्यात यांना अधिकृत जागा मिळाली, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं ऑपेरात यांचंच राज्य. ते सगळं वाचल्यापासून मला तो पातळ पुरुषी आवाज ऐकवत नाही. उगाच काटा येतो.

मंद्रसप्तक
@टिपरी, दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. खडा यांनी जो ऐकला त्याला कुणी काही केलेलं नाही. तो फॉल्सेटोत, म्हणजे त्या वरच्या पातळ आवाजात गातोय, जो तुमच्या-माझ्या गळ्यातही आहे. त्यामुळे काटा परत घ्या :)

घसाफोड_डॉक्टर
पेशाने कान-नाक-घसावाला आहे म्हणून मधे तोंड घालतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

स्वरतंतू म्हणजे दोन मऊ पट्ट्या. बाईच्या साधारण साडेबारा ते साडेसतरा मिलिमीटर, पुरुषाच्या सतरा ते पंचवीस. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलाचा स्वरयंत्राचा सांगाडा भराभर वाढतो, पट्ट्या लांब आणि जाड होतात, आणि मेंदूला जुन्या मापाची सवय असते. म्हणून तो ‘कट्’ आवाज येतो. नवीन गाडीचा क्लच कळायला वेळ लागतो तसं.

नेहमीच्या आवाजात पट्टी पूर्ण जाडीने थरथरते. फॉल्सेटोत ती ताणून पातळ होते आणि फक्त कडा थरथरते, बऱ्याचदा मधे बारीक फटही राहते, म्हणून न शिकलेल्याचा आवाज फुसफुसतो. शिकलेला माणूस ती फट मिटवायला शिकतो, आणि घशातली, तोंडातली पोकळी अशी आकारतो की आवाज घुमतो. म्हणजे यंत्र तेच, चालवायची तऱ्हा दुसरी. खोटं काहीच नाही त्यात. ‘फॉल्सेटो’ या इटालियन शब्दातच ‘फॉल्स’ आहे आणि आपल्याकडेही ‘खोटा आवाज’, ‘चोरटा आवाज’ म्हणतात, तिथेच घोळ झालाय.

कास्त्रातींचं गणित वेगळं. टेस्टोस्टेरॉन मिळालंच नाही की स्वरयंत्र पोरवयाचं राहतं, पण हाडांची टोकं वेळेवर बंद न झाल्याने हातपाय आणि छातीचा पिंजरा वाढत राहतो. म्हणजे पोराचे स्वरतंतू आणि त्यामागे थोराड माणसाची फुफ्फुसं. त्यावर आठ-दहा वर्षांची रोजची तालीम. असा आवाज निसर्गात मिळत नाही, आणि आता मिळू नये हेच बरं.

भाच्याबद्दल : पातळ आवाजात हळू गातोय तर गाऊ द्या. जोर लावून, किंचाळून नको. घसा दुखला किंवा आवाज बसला तर थांबायचं. सहा महिने ते दोनेक वर्षांत गाडी रुळावर येते.

निवांत_नाना
डॉक्टर, दंडवत. वाचनखूण साठवली.

कानतुटका
अरे पण इटलीत कशाला जाता? आपल्याकडे बालगंधर्व झाले की! साक्षात बाई वाटायचे, बायका त्यांची साडी नेसायची तऱ्हा उचलायच्या. तेही असंच पातळ आवाजात गायचे ना?

सारंगीवाला
नाही. आणि हा गैरसमज एवढा पसरलाय की मी याच्यासाठीच लॉगिन केलं.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९११ च्या ‘मानापमान’मध्ये भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याला’मध्ये सिंधू. सगळ्या बायका, आणि सगळ्या गायल्या पुरुषाच्या मोकळ्या आवाजात. फॉल्सेटो नव्हे. भास्करबुवा बखल्यांची तालीम होती, ख्यालगायकी पचवलेला गळा. स्त्रीत्व होतं ते सूर लावण्यात, लाडिक उच्चारात, स्वरावर रेंगाळण्यात, पट्टीत नव्हे. ध्वनिमुद्रिका ऐका, डोळे मिटून ऐका, पुरुषच गातोय हे कळतं. तरी दोन मिनिटांत तुम्ही ते विसरता. तीच गंमत.

त्यांच्या आधी भाऊराव कोल्हटकर होते. १८८२ पासून किर्लोस्करांकडे, शकुंतला आणि सुभद्रा. ‘भावड्या’ म्हणून लोक वेडे व्हायचे. त्यांचं १९०१ मध्ये निधन झालं, ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे आपण फक्त आठवणी वाचायच्या आणि हळहळायचं.

कानतुटका
बरं, चूक मान्य. कान आधीच तुटका आहे, आता ओढू नका.

शहामृगी_चाल
सारंगीवाले, मग उंच पट्टीत गाणारे आपल्याकडे कोण?

सारंगीवाला
केशवराव भोसले. मास्टर दीनानाथ. आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचा तर बारीक, टोकदार, सुईसारखा सूर. पुरुष गायक साधारण (पेटीवरच्या) काळी एक, काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार, पाचमध्ये. ही मंडळी त्या मधल्या पायऱ्यांवर उभी. पण खोट्या आवाजात नव्हे, मोकळ्या गळ्याने. तेव्हा मायक्रोफोन नव्हता हेही लक्षात घ्या. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं तर खर्जातला आवाज वाटेतच बसकण मारतो, उंच आवाज पोचतो.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. म्हणजे बघा, स्टेजवर सेनापती उंच टिपेच्या आवाजात गातोय आणि त्याची नायिका त्याच्यापेक्षा मवाळ. तेव्हा कुणाला ते उलटं वाटलं नाही.

मंद्रसप्तक
हे फार महत्त्वाचं बोललात! मी तेच म्हणायला आलो होतो. हँडेलचा ज्युलियस सीझर, १७२४, लंडन. जगज्जेता सीझर. गायला कोण? सेनेसिनो नावाचा एक कास्त्रातो. त्या काळच्या श्रोत्यांना नायक, राजा, योद्धा म्हणजे उंच आवाज, जड आवाज म्हातारे, खलनायक आणि नोकर यांना. मग काळ बदलला, आणि १९२२ मध्ये जर्मनीत हेच ऑपेरा पुन्हा उभं केलं तेव्हा सीझर बॅरिटोनला, म्हणजे जाड पुरुषी आवाजाच्या गायकाला, दिला. का, तर पुरुषासारखा वाटत नाही म्हणून. संगीत तेच, कान बदलले. जाड आवाज म्हणजे मर्द हे आपण नंतर ठरवलंय.

झीलकरी_बंडू
आयडीवरून कळलंच असेल. पोवाडा ऐकलाय ना कुणी? शाहीर वीररस गातो तो कुठल्या सुरात? खर्जात? तलवार उपसली की आवाज टिपेला! आणि मागे आम्ही झीलकरी ‘जी जी रं जी जी’ ओढतो तो सूर शाहिराच्याही वर. मी एकोणीस वर्षं झील धरतोय, मिशा आहेत, दोन पोरांचा बाप आहे, आणि वरचा सूर तासभर धरून ठेवायचा म्हणजे काय ते बेंबीला विचारा. आम्हाला कुणी बायकी म्हणून दाखवा बरं. (हलकं घ्या.)

खर्जातला_खडा
बंडूभाऊ, कडक! हे डोक्यातच आलं नव्हतं. पोवाडा ऐकताना तो आवाज ‘उंच’ आहे हेच कधी जाणवलं नाही.

टिपरी
मला एक सांगा, एवढी कौतुकं चाललीत, त्या पोरांचं काय? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं होतं का कुणी?

मंद्रसप्तक
नाही विचारलं. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे ते कायद्याने गुन्हा होतं, चर्च बहिष्कृत करायचं. म्हणून कागदोपत्री कारणं काय, तर घोड्यावरून पडला, जनावर चावलं. आणि तेच चर्च त्यांना पगारावर गायला ठेवायचं. चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीत-इतिहासकार १७७० मध्ये इटलीत फिरला, त्याने हे नेमकं कुठे करतात ते शोधायचा प्रयत्न केला. मिलानमध्ये म्हणाले व्हेनिसला, व्हेनिसमध्ये म्हणाले बोलोन्याला, बोलोन्यात म्हणाले छे छे आमच्याकडे नाही, फ्लॉरेन्सला बघा, तिथून रोम, रोमहून नेपल्स. गावोगाव तेच.

गरीब घरची पोरं. एखादा फारिनेल्लीसारखा नामांकित गायक व्हायचा, बाकीचे कुठल्यातरी खेड्यातल्या चर्चमध्ये आयुष्य काढायचे, आणि काहींचा तर आवाजही धड लागायचा नाही. लग्नाला परवानगी नाही, पाद्री होणं अवघड.

निवांत_नाना
फारिनेल्ली म्हणजे तोच ना जो स्पेनच्या राजाला रोज रात्री तीच चार गाणी ऐकवायचा?

मंद्रसप्तक
तोच, पण चार गाण्यांची गोष्ट फुगवलेली आहे. खरा भाग असा : कार्लो ब्रोस्की, जन्म १७०५, नेपल्सला पोर्पोरा या गायनगुरूचा शिष्य. १७३७ मध्ये, ऐन कीर्तीत असताना, स्पेनला गेला. राजा फिलिप पाचवा विषण्णतेने अंथरुणाला खिळलेला, राणीला वाटलं गाण्याने उठेल. फारिनेल्ली तिथे वीसेक वर्षं राहिला, आणि जाहीर रंगमंचावर पुन्हा कधी गायला नाही. ऐन बत्तिशीत! मला याचं नेहमी नवल वाटतं, की युरोपभर ज्याच्यासाठी लोक रांगा लावायचे त्याने एका आजारी माणसाच्या खोलीत गायचं कबूल केलं. पैसा भरपूर होता हे खरं, पण नुसता पैसाच असेल असं वाटत नाही.

उगाच_एक
आजकाल राजाने प्लेलिस्ट लावली असती.

सुईचं_नाक
या कास्त्रातींपैकी एकाचं ध्वनिमुद्रण आहे. अलेस्सान्द्रो मोरेस्की, पोपच्या सिस्टीन चॅपेलचा गायक. १९०२ आणि १९०४ मध्ये रोममध्ये ग्रामोफोन कंपनीने केलं. त्याच मधल्या वर्षात, १९०३ मध्ये, पोप दहावा पायस याने फर्मान काढलं की चर्चमधले वरचे सूर यापुढे मुलांनीच गायचे. म्हणजे अगदी दार बंद होताना कुणीतरी फटीतून आवाज टिपून घेतला.

पहिल्यांदा ऐकाल तर हसू येईल. सूर सरकतात, मधे हुंदका आल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं की हसू जातं. तो त्रेचाळीस ते पंचेचाळीसचा होता, आयुष्यात पहिल्यांदा एका कर्ण्यासमोर उभा राहून गायलाय.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्याची एक कुरबुर : त्या ऐकून ‘बापरे काय पट्टी’ म्हणायच्या आधी वेग तपासा. तेव्हा सगळ्या तबकड्या काटेकोर ७८ फेऱ्यांवर मुद्रित व्हायच्या नाहीत. ७४ वर मुद्रित केलेली ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ अर्धी पायरी चढतो, आणि गायक घाईत असल्यासारखा वाटतो. माझ्याकडे एक बुवा आहेत ते एका यंत्रावर पुरुष आहेत आणि दुसऱ्यावर किशोरवयीन.

शहामृगी_चाल
हसून हसून पुरेवाट. बुवांना एकाच यंत्रावर ठेवा.

मंद्रसप्तक
वेगाच्या मुद्द्याला +१. आणि मूळ पट्टीही बदललीय. आज सूर जुळवायचा ‘ला’ हा स्वर ४४० हर्ट्झ धरतात, बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत) वाजवणारे ४१५ धरतात, म्हणजे अर्धा स्वर खाली, आणि अठराव्या शतकातल्या पॅरिसचं ऑपेरा तर ३९२ च्या आसपास, पूर्ण एक स्वर खाली. फ्रेंचांना कास्त्राती आवडायचे नाहीत, त्यांनी नायकाचं काम ‘ओत-कोंत्र’ नावाच्या उंच टेनरला (टेनर म्हणजे वरच्या पट्टीचा पुरुषी आवाज) दिलं, मुख्यतः मोकळ्या आवाजात गाणारा. आजच्या पट्टीत ते गाताना लोकांचे डोळे बाहेर येतात, तेव्हाच्या पट्टीत माणसासारखं गाता यायचं. ग्लुक या संगीतकाराने तर ऑर्फियसचं काम १७६२ मध्ये व्हिएन्नात कास्त्रातोसाठी लिहिलं आणि १७७४ मध्ये पॅरिसला तेच ओत-कोंत्रसाठी बदलून दिलं. गिऱ्हाईक तसा माल.

आपल्या ‘बाप्या बाई झाला’ विषयाला धरून : फ्रेंच संगीतकार रामोचं ‘प्लाते’ हे ऑपेरा, १७४५, व्हर्साय. दलदलीत राहणारी कुरूप जलपरी, आपल्यावर देव भाळलाय असं समजणारी. ती ओत-कोंत्रने साडी, चुकलो, झगा नेसून गायची. आणि प्रसंग काय, तर राजपुत्राचं लग्न. नवरीला काय वाटलं असेल देव जाणे.

कानतुटका
म्हणजे हल्लीचे टेनर जे वरचा ‘सा’ छाती फोडून लावतात ते जुनं नाही?

मंद्रसप्तक
नाही! आधी टेनर फार वर गेले की आवाज हलका करायचे, फॉल्सेटोकडे झुकायचे. १८३७ मध्ये पॅरिसला ड्युप्रे नावाच्या टेनरने ‘विल्यम टेल’ या ऑपेरात तो सूर छातीच्या आवाजात मारला आणि लोक वेडे झाले. ज्याने ते लिहिलं त्या रोसिनीला मात्र तो गळा कापताना ओरडणाऱ्या खच्ची कोंबड्यासारखा वाटला म्हणतात. काय शेलकी शिवी आहे बघा, कास्त्रातींवर वाढलेल्या माणसाने दिलेली.

झीलकरी_बंडू
कोंबड्याने उगाच मार खाल्ला.

पिसाचा_पंखा
बाकीचं जग राहिलं की. जपानमध्ये १६२९ ला काबुकीत बायकांना बंदी झाली, तेव्हापासून ओन्नागाता म्हणजे स्त्रीपार्टी पुरुष. चीनच्या पेकिंग ऑपेरात मेई लानफांग हे स्त्रीपार्टी, त्यांचा गायचा आवाज मात्र खरोखर फॉल्सेटो, आणि तिथे तरुण नायकही कधी साध्या, कधी पातळ आवाजात बोलतो, म्हणजे ‘याला अजून दाढी आली नाही’ असं प्रेक्षकांनी समजायचं. हवाईत पुरुष फॉल्सेटोत गातात आणि दोन आवाजांमधला तो ‘कट्’ मुद्दाम दाखवतात, तीच तर दागिन्याची जागा. आल्प्समधल्या योडेलचंही तेच. म्हणजे शास्त्रीय गायक ज्या सांध्यावर आयुष्यभर रंधा मारतो, तो हे लोक मिरवतात. खडा, भाच्याला योडेल ऐकवा, त्याच्याकडे ते फुकटात आलंय.

टिपरी
सगळं वाचलं. काटा परत घेते, काउंटरटेनरपुरता. पण मग हे परत आले कुठून? कास्त्राती संपले, चर्चमध्ये मुलं आली, मधे शंभर वर्षं काय होतं?

मंद्रसप्तक
इंग्लंड. तिथल्या कॅथीड्रलमध्ये आल्टो, म्हणजे मुलांच्या सुराच्या लगेच खालचा सूर, मोठी माणसं फॉल्सेटोत गायची, ते कधी थांबलंच नाही. फक्त चर्चच्या भिंतीबाहेर कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कँटरबरीला आल्फ्रेड डेलर गात होता, तो संगीतकार मायकेल टिपेटने ऐकला आणि बाहेर आणला. १९६० मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या ऑपेरातला ओबेरॉन, म्हणजे पऱ्यांचा राजा, डेलरसाठी लिहिला. आज शॉल, जारुस्की, ओर्लिन्स्की हे काउंटरटेनर भरलेल्या सभागृहात गातात. पण डेलरला सुरुवातीला भरपूर टोमणे बसले होते, आपल्या भाचेसाहेबांसारखेच.

घसाफोड_डॉक्टर
एक भर. बरेच काउंटरटेनर मुळात बॅरिटोन असतात, म्हणून बोलताना जाड. खडा फसले त्याचं कारण तेच. भाच्याचा भसाडा आवाज आणि पातळ आवाज दोन्ही त्याचेच आहेत, आत्ताच एक निवडायची घाई नको. आणखी वर्ष-दोन वर्षं दोन्ही वापरू द्या.

उगाच_एक
धाग्याचं काश्मीर झालं नाही, म्हणजे भांडण काही पेटलं नाही, निराशा झाली. पॉपकॉर्न संपले.

खर्जातला_खडा
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल भाच्याला मोरेस्की ऐकवला. आधी खिदळला, मग गप्प, मग म्हणाला मामा परत लाव. त्याची गोष्ट सांगितली तर बराच वेळ काही बोलला नाही. मग डेलर, मग दीनानाथ, मग पोवाडा. पोवाड्याला तो आपसूक वरचा सूर ओढायला लागला, त्याच चोरट्या आवाजात, आणि मी खाली माझ्या खर्जात ‘जी जी’ केलं. बहीण दार उघडून बघून गेली. हसली नाही.

झीलकरी_बंडू
मामा, ‘जी जी’ खर्जात नसतं हो! पोराला वर राहू द्या आणि तुम्हीही चढा.

खर्जातला_खडा
चढलो होतो. कोंबडा झाला.